खडक, खाणपट्टा आणि भागीदार : सोन्याच्या छोट्या खाणींच्या अभ्यासाची प्रस्तावना

आंध्र प्रदेशातल्या कर्नूल जिल्ह्यात, तुग्गली मंडलात, जोन्नगिरी नावाचे गाव आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडून गेल्या की या गावच्या आणि आसपासच्या शिवारांत माणसे खाली वाकून, जमिनीवर नजर खिळवून फिरताना दिसतात. नांगरटीतून आणि पाण्याच्या लोटाने उघडे पडलेले हिरे ती शोधत असतात, आणि दर वर्षी कोणाला ना कोणाला एखादा खडा सापडतोही. जवळच एर्रगुडीला सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत. १९२९ साली ते जगापुढे आले, ते एका भूवैज्ञानिकाच्या नजरेला पडले म्हणून. अशोकाच्या दक्षिणेतल्या लेखांत सुवर्णगिरी या ठाण्याचा उल्लेख येतो. तिथून राजपुत्र आणि महामात्र खालच्या अधिकाऱ्यांना आज्ञा धाडत असत. ती सुवर्णगिरी म्हणजे हेच जोन्नगिरी असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती मस्कीजवळ, तर काहींच्या मते कनकगिरीला होती. वाद मिटलेला नाही. पण तिन्ही जागा सोने असलेल्या मुलखातल्या आहेत, आणि जुन्या राजवटींचे लक्ष या भागावर का होते हे समजायला तेवढे पुरते.

आज या गावाच्या नावाने एक छोटा सुवर्णप्रकल्प ओळखला जातो. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या तुलनेत तो लहानच. पूर्ण क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे ७५० किलो सोने मिळेल, असे प्रवर्तकांनी जाहीर केले होते. देशात दर वर्षी काहीशे टन सोने आयात होते, त्यापुढे हा आकडा नगण्य वाटेल. तरीही ज्याला खनिजांचे अर्थकारण मुळापासून समजून घ्यायचे आहे, त्याने मोठ्या खाणींच्या आधी अशी एखादी छोटी खाण निवडावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. मोठ्या खाणीत भूविज्ञान एका इमारतीत बसते आणि मालकीचे व्यवहार दुसऱ्या शहरात. छोट्या प्रकल्पात ही दोन्ही एकाच टेबलावर असतात. एका विंधनछिद्राचा निकाल आला की कंपनीतला कोणाचा हिस्सा किती, हे बदलू शकते. सरकारी दप्तरात एक अर्ज रखडला की दहा वर्षांचे भूवैज्ञानिक काम धूळ खात पडते.

आपल्याकडे या विषयाची वाटणी झाली आहे. भूविज्ञानाचा विद्यार्थी शिस्ट, ग्रॅनाइट, गारगोटीच्या शिरा शिकतो. खाणपट्ट्याचा करार त्याने पाहिलेला नसतो. कायद्याचा आणि वाणिज्याचा विद्यार्थी भागधारकांची यादी वाचतो, पण ‘टनामागे दीड ग्रॅम’ या शब्दांमागे किती अनिश्चितता दडली आहे हे त्याला कोणी सांगत नाही. छोट्या सुवर्णप्रकल्पात मालकी असते ती सोन्याची नव्हे, तर खडकाविषयीच्या अर्धवट ज्ञानाची. ज्ञान वाढत जाते तशी मालकी हात बदलते. पुढच्या सगळ्या पानांमागे हेच सूत्र आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

आता खडकाकडे वळू.

दक्षिण भारताचा गाभा म्हणजे धारवाड क्रॅटॉन, पृथ्वीच्या कवचाचा एक अतिप्राचीन, घट्ट बसलेला तुकडा. त्यात ग्रॅनाइटी खडकांच्या अफाट पसाऱ्यात हिरवट-काळ्या शिस्टचे अरुंद पट्टे साधारण उत्तर-दक्षिण पसरले आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खडकांना ‘धारवाड’ हे नाव दिले. हे पट्टे म्हणजे मुळात समुद्राच्या तळावर ओतलेला लाव्हा आणि त्यावर साचलेला गाळ. दाबाने आणि उष्णतेने त्यांचे रूप पालटले. कोलार, रामगिरी, हुट्टी-मस्की आणि जोन्नगिरी हे क्रॅटॉनच्या पूर्व भागातले असे पट्टे, आणि त्या सगळ्यांत सोने आहे.

सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी या भागात भूपट्ट्यांची मोठी उलथापालथ झाली. खोलवरचे खडक तापले, त्यांच्यात बांधलेले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सुटे झाले, आणि हा उष्ण द्रव भेगांच्या वाटेने वर सरकू लागला. त्यात गंधक होते. गंधकाशी जोडी जमवून सोने द्रवात विरघळलेल्या अवस्थेत प्रवास करत होते. ही जोडी तुटली की सोने तिथेच खाली बसते. तुटण्याची दोन मोठी कारणे. भेग अचानक उघडली की दाब एकदम उतरतो आणि द्रवाचा तोल बिघडतो. किंवा वाटेतल्या खडकात लोह भरपूर असेल, तर ते लोह द्रवातले गंधक ओढून घेते, त्याचा पायराइट बनतो आणि सोने निराधार होते. सोन्याच्या शिरेच्या कडेला पिवळे-पांढरे सल्फाइड खनिजांचे ठिपके दिसतात ते यामुळे. अनुभवी भूवैज्ञानिक डोळ्यांना सोने दिसत नसतानाही याच खुणांवरून ते जवळ आहे की नाही हे ताडतो: खडकाचा रंग फिकट झाला आहे का, सेरिसाइटची रेशमी चमक आली आहे का, कार्बोनेटची खनिजे वाढली आहेत का.

कोलार आणि हुट्टीत हे घडले ते मुख्यतः रूपांतरित लाव्ह्यात. हुट्टीच्या शिरांना मेन रीफ, ओकलेज् रीफ, स्ट्राइक रीफ, व्हिलेज रीफ अशी नावे आहेत. त्या एकमेकींना बऱ्याचशा समांतर, उभट आणि खोल गेलेल्या आहेत. जोन्नगिरीचे वेगळेपण इथेच सुरू होते. इथले महत्त्वाचे खनिजीकरण ग्रॅनोडायोराइट या ग्रॅनाइटच्या नात्यातल्या खडकात आहे. हा खडक ठिसूळ. भोवतालचा शिस्ट ताणाखाली वाकतो, वळतो, ग्रॅनोडायोराइट तडकतो. तडकलेल्या खडकात एका जाड शिरेऐवजी बारीक शिरांचे जाळे तयार होते. सोने एका ठिकाणी गच्च बसण्याऐवजी रुंद पट्ट्यात विरळ पसरते.

हा तपशील तज्ज्ञांपुरता वाटला तर तो गैरसमज आहे. खाणीचा सगळा आराखडा त्यावर उभा राहतो. अरुंद, समृद्ध, खोल जाणारी शीर असेल तर खोल कूपक खणावा लागतो, जमिनीखाली माणसे उतरवावी लागतात, आणि मजुरांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कोलारचा चॅम्पियन रीफ असाच तीन किलोमीटरहून खोल गेला. विरळ, रुंद आणि पृष्ठभागाजवळचे सोने असेल तर उघडी खाण, स्फोटके, मोठे डंपर, आणि थोडी माणसे. तेव्हा गावाची जास्त जमीन लागते आणि नोकऱ्या कमी मिळतात. ग्रॅनोडायोराइट तडकला की वाकला, या अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर आज तुग्गली मंडलातल्या शेतकऱ्याच्या दारात येऊन उभे राहते.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येणारच: मग आपल्याकडे सोने का नाही? महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टने झाकलेला आहे, आणि तो खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या गोष्टीत अगदी अलीकडचा. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी वैज्ञानिक विंधनछिद्रे घेतली, तेव्हा किलोमीटरभर बेसाल्ट ओलांडल्यावर खाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. त्या प्राचीन तळात कुठे काय आहे हे बेसाल्टच्या जाड थराखालून शोधणे फार अवघड. बेसाल्ट जिथे संपतो तिथे, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेला, जुने खडक उघडे पडतात. नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली गटाच्या खडकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याच्या खुणा नोंदवल्या आहेत. त्यामुळे हा विषय महाराष्ट्राबाहेरचा आहे असे समजून बाजूला ठेवू नये.

आता ‘प्रत’ या कल्पनेकडे. कवचातल्या सामान्य खडकात अब्ज भागांत सोन्याचे मोजके काही भाग असतात. टनामागे दीड ग्रॅम म्हणजे त्याच्या शेकडो पट, तरी तो दहा लाख भागांत दीड भाग. कोलारने आपल्या आयुष्यात सुमारे ८०० टन सोने दिले आणि त्यासाठी पाच कोटी टनांच्या आसपास धातुक काढले गेले. सरासरी टनामागे सोळा ग्रॅम. जोन्नगिरी त्या जातीची नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा करूही नये. समजा टनामागे दीड ग्रॅम सोने आहे आणि कारखान्यात त्यातले ९० टक्के हाती लागते. मग ७५० किलोसाठी वर्षाला साडेपाच लाख टनांहून अधिक धातुक दळावे लागेल, आणि त्याच्या भोवतीचा टाकाऊ खडक हलवावा लागेल तो वेगळाच.

आणि हा ‘दीड ग्रॅम’ कळतो कसा? हिऱ्याच्या दातांच्या नळीने जमिनीतून दंडगोलाकार गाभा काढतात, तो उभा चिरतात, अर्धा जपून ठेवतात, अर्धा दळतात, आणि त्या पिठातले तीसेक ग्रॅम शिशाबरोबर भट्टीत वितळवून सोने वेगळे करतात. अडचण नमुन्याची आहे. टनामागे दीड ग्रॅम या हिशेबाने तीस ग्रॅम पिठात ४५ मायक्रोग्रॅम सोने असायला हवे. पण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढ्या व्यासाचा सोन्याचा एकच गोल कण सुमारे ८० मायक्रोग्रॅम भरतो. तो कण नमुन्यात आला तर अहवालात टनामागे २.७ ग्रॅम लागतील. शेजारच्या नमुन्यात गेला तर जवळपास शून्य. खडक तोच, प्रयोगशाळा प्रामाणिक, आणि आकडे दोन टोकांचे. सोन्याच्या साठ्यांचा अंदाज लोखंड किंवा चुनखडीपेक्षा कितीतरी अवघड होतो तो या कणांच्या स्वभावामुळे. छिद्रे जवळजवळ घ्यावी लागतात, नमुने मोठे घ्यावे लागतात, तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. प्रत्येक छिद्राला पैसे लागतात, आणि ते पैसे कोणीतरी हिस्सा मागूनच देतो.

म्हणूनच साठ्याच्या अंदाजाला पायऱ्या आहेत. भारतात २०१५ च्या नियमांनी जी-४ म्हणजे प्राथमिक टेहळणी, जी-३, जी-२ आणि जी-१ म्हणजे सविस्तर पूर्वेक्षण अशी चढण ठरवली. ऑस्ट्रेलियात जॉर्क ही संहिता आहे, कॅनडात ४३-१०१ हा नियम. कॅनडाचा नियम आला त्यामागे एक घोटाळा होता, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो बारकाईने वाचावा.

कॅल्गरीची ब्री-एक्स ही छोटी शोध कंपनी इंडोनेशियातल्या बोर्निओ बेटावर बुसांग येथे छिद्रे घेत होती. अहवालांत साठा वाढत गेला, तसा शेअरही वाढत गेला. १९९७ च्या फेब्रुवारीत मालकीची वाटणी ठरली: ब्री-एक्सला ४५ टक्के, अमेरिकी फ्रीपोर्ट कंपनीला १५ टक्के, उरलेले ४० टक्के इंडोनेशियाच्या बाजूला. बड्या राजकारण्यांपर्यंत ओढाताण झाली होती. पुढच्याच महिन्यात फ्रीपोर्टने पडताळणीसाठी स्वतः छिद्रे घेतली आणि नोंद घेण्याजोगे सोने मिळाले नाही. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने निर्वाळा दिला की नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. तेही नदीच्या वाळूतले: कण गोलसर झालेले, कडांवरची चांदी धुऊन गेलेली. खडकातल्या शिरेतले सोने असे दिसत नाही. ब्री-एक्सने अर्धा गाभा जपून न ठेवता बहुतेक सगळाच दळला होता, म्हणून मागे वळून पडताळायला काही उरले नव्हते. राजकारणी आणि मोठ्या कंपन्या मालकीवरून भांडत होते. खडकाचा तुकडा आधी नीट पाहावा, असे फार थोड्यांना वाटले. गुंतवणुकीच्या एका तरी अभ्यासक्रमात हे प्रकरण भूविज्ञानाच्या शिक्षकाने शिकवावे, असे मला कळकळीने वाटते.

मालकीचा प्रश्न आपल्याकडे ब्री-एक्सहून फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आकराध्यक्ष हा खाणींचा अधिकारी येतो. त्याला धातूंचे ज्ञान हवे, जुन्या खाणींच्या खुणा ओळखता याव्यात, अशी अपेक्षा आहे. पुढे एक फार व्यवहारी नियम आहे: ज्या खाणीला खर्च आणि श्रम जास्त लागतात ती राज्याने हिश्श्यावर किंवा खंडाने दुसऱ्याला द्यावी, जी हलकी आहे ती स्वतः चालवावी. आजच्या खाणपट्ट्याचे तत्त्व याहून फार वेगळे नाही.

सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला वाटते की जमीन आपली, म्हणजे खालचे सगळे आपले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे, १९६६ चे, कलम ४८ तसे म्हणत नाही. खनिजांवरचा हक्क ते शासनाकडे ठेवते. देशभर मात्र हे सरसकट नाही. केरळातल्या मलबारच्या जमीनमालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, कायद्याने स्पष्टपणे काढून घेतला नसेल तर भूगर्भातला हक्क जमीनमालकाचाच. २५ जुलै २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने आणखी एक जुना वाद मिटवला: स्वामित्वधन (रॉयल्टी) हा कर नाही, आणि खनिजहक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. हे तीन दस्तऐवज शेजारी ठेवले की दिसते, खडक एकच असतो; पृष्ठभाग एकाचा, खनिज दुसऱ्याचे आणि ते खणण्याचा मुदतबंद हक्क तिसऱ्याचा.

हा तिसरा हक्क कसा मिळतो याचा इतिहास जोन्नगिरी समजण्यासाठी फार महत्त्वाचा. १९५७ च्या खाण आणि खनिजे कायद्याने सोन्यासारख्या खनिजांसाठी केंद्राची पूर्वसंमती आवश्यक केली. १९९३ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने सोन्यासह तेरा खनिजे खासगी क्षेत्राला खुली केली. पुढे आधी टेहळणी, मग पूर्वेक्षण परवाना, मग खाणपट्टा, अशी वाट होती. शोधणाऱ्याला खणण्यात अग्रहक्क होता. २०१५ च्या दुरुस्तीने लिलाव आणला. आधीच शोध केलेल्यांचे हक्क कलम १०-अ मधून सांभाळले गेले. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने तेही प्रलंबित हक्क संपवले आणि शोधाच्या खर्चाच्या भरपाईची तरतूद ठेवली.

दोन शेजारी राज्यांतल्या प्रकल्पांचे नशीब इथे वेगळे झाले. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या गणजूरला डेक्कन गोल्ड माइन्सच्या उपकंपनीने चांगला साठा सिद्ध केला होता. खाणपट्ट्याचा अर्ज वर्षानुवर्षे रखडला आणि २०२१ च्या तारखेने हक्कच गेला. जोन्नगिरीचा खाणपट्टा बेंगळुरूच्या जिओमायसोर सर्व्हिसेस या कंपनीला जुन्या व्यवस्थेत मिळालेला होता, म्हणून तो वाचला. खडकांच्या गुणवत्तेने हा निवाडा झाला नाही. लिलाव पारदर्शक असतो हे मी मान्य करतो, आणि जुन्या पद्धतीत वशिलेबाजीला वाव होता हेही. पण वीस वर्षे खडक वाचणाऱ्या माणसाला शेवटी हाती खर्चाची पावती देणे अन्याय्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ च्या दुरुस्तीने सोन्यासह २९ खनिजांसाठी नवा शोध परवाना आणला, ज्यात शोधकर्त्याला पुढच्या लिलावाच्या अधिमूल्यातला हिस्सा मिळतो. उशिरा का होईना, शोधाची किंमत मान्य झाली.

आता कंपनीच्या आत डोकावू. जिओमायसोरमध्ये मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सचा सुमारे ४० टक्के हिस्सा आहे. तो मुख्यतः शेअरची अदलाबदल करून वाढवला गेला. वाचकाने इथे लगेच ७५० किलोचे ४० टक्के काढून ३०० किलो सोने मांडू नये. हिस्सा सोन्यातला नसतो, सगळी देणी भागल्यावर उरणाऱ्या रकमेतला असतो. आधी कर्जाचे व्याज, डिझेल, स्फोटके, रसायने. मग शासनाचे स्वामित्वधन: मूळ सोन्याच्या धातुकावर ते लंडनच्या दराच्या चार टक्के आहे, आणि ते धातुकात असलेल्या सोन्यावर मोजतात, कारखान्यातून हाती आलेल्यावर नाही. वसुली ९० टक्के असेल तर हाती आलेल्या सोन्यावर ते साडेचार टक्क्यांच्या जवळ जाते. शिवाय १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते; लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांना १० टक्के. म्हणजे जुना पट्टा जिल्ह्यातल्या लोकांना तिप्पट देणे लागतो. लिलावाची बाजू मांडताना हे सहसा सांगितले जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

छोट्या कंपनीची आणखी एक चाल समजून घ्यावी. तिच्याकडे विकायला सोने नसते, म्हणून ती शेअर विकते. शंभर शेअर असलेल्या कंपनीने छिद्रांसाठी पन्नास नवे काढले की मूळ मालकांचा हिस्सा दोन-तृतीयांश होतो. कारखान्यासाठी पुन्हा तेवढेच काढले की निम्मा. प्रत्येक टप्प्यावर खडकाविषयीची खात्री वाढते आणि पहिल्या माणसांचा वाटा कमी होतो. यात फसवणूक नाही. अनिश्चिततेची किंमत अशीच मोजली जाते. पण उत्पादन सुरू होताना मालक कोण आहेत आणि शोध लागला तेव्हा कोण होते, या दोन याद्या पडताळून पाहणे हा अभ्यासाचा पहिला धडा मानावा.

सरकारी मालकीची गोष्ट हुट्टीने शिकवावी. तिथे इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची खाणकामे सापडली आहेत, शेकडो फूट खोल, केवळ आग, पाणी आणि छिन्नीच्या बळावर. जवळच्या मस्कीचा अशोकाचा लेख १९१५ साली सी. बीडन या सोन्याच्या खाणीच्या अभियंत्याला सापडला, आणि त्या लेखातल्या ‘अशोक’ या नावामुळे इतर लेखांत ‘देवानांप्रिय’ म्हणवणारा राजा कोण हे पक्के झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाने इंग्रजी कंपनीला सवलत दिली. ती खाण १९२० च्या सुमारास थंडावली. १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली. तेव्हा हुट्टीप्रमाणेच मराठवाडाही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ ला भाषावार रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, हुट्टी ज्या जिल्ह्यात आहे ते रायचूर म्हैसूरकडे गेले, आणि त्याबरोबर खाणीची मालकीही. कंपनी आज कर्नाटक शासनाची आहे आणि चालू आहे. कोलारचा प्रवास दुसरा: १८७३ मध्ये मायकेल लाव्हेलने म्हैसूर सरकारकडे मागितलेला परवाना, १८८० पासून जॉन टेलर आणि सन्स, १९५६ ला राष्ट्रीयीकरण, मग केंद्राकडे हस्तांतर, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला टाळे.

कोलारमध्ये उरले ते सायनाइड प्रक्रियेनंतरच्या भुकटीचे डोंगर. १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये पेटंट झालेल्या या प्रक्रियेमुळेच विरळ धातुक परवडू लागले. जोन्नगिरीसारखी खाण तिच्याशिवाय उभीच राहू शकत नाही. सोने निघून जाते, भुकटी राहते, आणि धातुकात आर्सेनोपायराइट असेल तर आर्सेनिकही राहते. मग प्रश्न मालकीचाच: भुकटी कोणाची? ३० जानेवारी २००० ला रोमानियातल्या बाया मारे येथे भुकटीच्या तळ्याचा बांध फुटला आणि सायनाइडचे पाणी नद्यांमधून हंगेरीपर्यंत गेले, मासे मेले. प्रकल्पात एका ऑस्ट्रेलियन कंपनीची आणि रोमानियाच्या सरकारी कंपनीची भागीदारी होती. काही आठवड्यांतच ऑस्ट्रेलियन कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. फायद्यातला हिस्सा टक्केवारीत लिहिलेला असतो. तोट्यातला हिस्सा नदीकाठच्या माणसांवर पडतो. खाणपट्ट्याच्या करारात खाण बंद करण्याची योजना आणि तिची हमी रक्कम कुठे लिहिली आहे, हे पान आधी उघडावे.

या अभ्यासाला मराठीत माणसे हवी आहेत, आणि ती कुठल्याही शाखेतून येऊ शकतात. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक खाणपट्टा करार पूर्ण वाचावा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी गाभ्याच्या पेट्यांसमोर बसून मीटरमागे मीटर खडक पाहावा. इतिहासाच्या अभ्यासकाने जुन्या खाणकामांच्या नोंदी गोळा कराव्यात. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण वेगळे करणाऱ्या झारेकऱ्यांचे कौशल्यही याच विषयात बसते. त्यावर नीट लिहिलेले फार थोडे आहे.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना शेवटी एक विनंती. तुमच्या भागातल्या प्राचीन खडकांत उद्या सोन्याचा एखादा छोटा पट्टा कोणाला मिळाला, आणि त्या खाणीसाठी पर्यावरणाची जनसुनावणी लागली, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. तो मराठी सारांश मागून घ्या, सुनावणीच्या आधी वाचा, आणि त्यात प्रत, टाकाऊ खडकाचे प्रमाण, भुकटीचे तळे आणि कंपनीचे भागधारक यांविषयी जे लिहिलेले नसेल ते लेखी विचारा.